एकास आठ : शेतातल्या वाफेच्या इंजिनांचा दुसरा जन्म

१९२५ साली इंग्लंडमधल्या चेस्टर शहरात रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे वार्षिक कृषिप्रदर्शन भरले होते. नॉर्दम्प्टनच्या विल्यम ऑलचिन कारखान्याने तेथे वाफेवर चालणारे एक नवे कोरे शेती-इंजिन मांडले. प्रदर्शनावरूनच त्याला ‘रॉयल चेस्टर’ हे नाव पडले. त्या कारखान्याने बांधलेले ते अखेरचे ट्रॅक्शन इंजिन. कारखाना पुढे इतिहासजमा झाला. या इंजिनाच्या एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती मात्र आजही घरोघरच्या छोट्या कार्यशाळांत घडत असतात. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. त्यांत खरा कोळसा जळतो, खरे पाणी उकळते आणि खऱ्या वाफेवर चाके फिरतात.

एवढा खटाटोप लोक कशासाठी करतात? आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे का पाहावे?

आधी मूळ यंत्राविषयी. ट्रॅक्शन इंजिन म्हणजे रुळांवाचून चालणारे आगगाडीचे इंजिन, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पुढे आडवा बॉयलर, वर सिलिंडर, बाजूला जड गतिचक्र आणि मागे माणसाच्या उंचीची लोखंडी चाके. हे इंजिन मळणीयंत्र ओढत गावोगाव जाई आणि खळ्यावर पोचले की चाके अडवून, गतिचक्रावर पट्टा चढवून तेच मळणीयंत्र फिरवी.

नांगरणीची गोष्ट याहून निराळी होती. नांगर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पुढे ओढणारा बैल येतो. तसे हे जड इंजिन शेतात घातले तर ओल्या जमिनीत रुतून बसे, आणि रुतले नाही तरी त्याच्या वजनाने माती दडपून दगडासारखी होई. जॉन फाउलर (१८२६–१८६४) या अभियंत्याने यावर तोड काढली. त्याने इंजिन बांधावरच उभे ठेवले आणि पोलादी दोराने फक्त नांगर शेतातून खेचला. १८५८ साली त्याच रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने वाफेच्या नांगरणीसाठी ठेवलेले ५०० पौंडांचे पारितोषिक फाउलरला मिळाले. ते प्रदर्शनही चेस्टरलाच भरले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा.

पुढे या पद्धतीला पक्के रूप आले. शेताच्या दोन टोकांना दोन इंजिने समोरासमोर उभी राहत. प्रत्येकाच्या बॉयलरखाली दोर गुंडाळणारा मोठा आडवा ढोल असे. मधला नांगर तराजूच्या दांडीसारखा होता : एका बाजूचे फाळ जमिनीत, तर दुसऱ्या बाजूचे हवेत. एक इंजिन नांगर आपल्याकडे ओढून घेई. तास संपले की दांडी दुसऱ्या बाजूला कले आणि समोरचे इंजिन ओढू लागे. नांगर वळवण्याचा प्रश्नच उरत नसे. दोन्ही चालकांमधले अंतर इतके, की शिटीच्या खुणांनीच बोलणे होई. सोबत मुकादम, नांगऱ्या आणि स्वयंपाक करणारा पोरगा असा पाच जणांचा ताफा असे. हंगामभर ही माणसे चाकांवरच्या लाकडी खोलीत राहत आणि एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जात.

पहिल्या महायुद्धानंतर पेट्रोल आणि रॉकेलवर चालणारे हलके, स्वस्त ट्रॅक्टर आले आणि हे सारे जग मोडकळीस आले. सकाळी तास-दोन तास आधी विस्तव पेटवून वाफ धरायची, पाण्याच्या गाड्या आणि कोळसा पुरवत राहायचे, एवढे सोपस्कार कोण करणार? हजारो इंजिने भंगारात गेली. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची मागणी वाढली आणि गोठ्यामागे गंजत पडलेली इंजिनेही मोडीवाल्यांनी उचलली. एखाद्या यंत्राला वस्तुसंग्रहालयात जागा मिळण्यापूर्वी एक काळ असा येतो, की ते वापरायला जुने आणि जपायला नवे ठरते. बहुतेक यंत्रे याच काळात नष्ट होतात.

प्रतिकृतिकारांचे महत्त्व नेमके या टप्प्यावर आहे.

लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल याने १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले होते. घरच्या लेथवर छोटी इंजिने घडवणाऱ्या कारकून, शिक्षक, कारागीर अशा हौशी मंडळींचे ते हक्काचे व्यासपीठ बनले. पहिला मान अर्थातच रेल्वे इंजिनांचा होता. शेतातली चिखलाने माखलेली यंत्रे प्रतिष्ठित मानली जात नसत. मात्र खरी इंजिने डोळ्यांदेखत नाहीशी होऊ लागली तशी दृष्टी बदलली. १९३७ साली रोड लोकोमोटिव्ह सोसायटी स्थापन झाली आणि या यंत्रांचा इतिहास नोंदवण्याचे काम शिस्तीने होऊ लागले. डब्ल्यू. जे. ह्यूज यांनी ‘रॉयल चेस्टर’च्या प्रतिकृतीचे आराखडे तयार करून ‘मॉडेल इंजिनिअर’मधून तिच्या बांधणीची लेखमाला चालवली. त्यांचेच ‘अ सेंच्युरी ऑफ ट्रॅक्शन इंजिन्स’ हे इतिहासपर पुस्तक १९५९ साली प्रसिद्ध झाले. आराखडा काढणारा हात आणि इतिहास लिहिणारा हात एकच होता, ही बाब लहान नाही.

प्रतिकृती घडवायची तर इंजिन नुसते पाहून भागत नाही, ते मोजावे लागते. झडप किती सरकते, दात्यांच्या चाकाला दाते किती, रिव्हेटांच्या ओळी एकेरी की दुहेरी, अमुक खिळ तेथेच का बसवली? छायाचित्रात जे सावलीत लपते, वर्णनात जे ‘इत्यादी’मध्ये जाते, ते लेथपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला टाळताच येत नाही. भाग चुकला तर चाक फिरणार नाही. इतिहासलेखनात इतकी कठोर परीक्षा क्वचितच होते.

तरीही प्रतिकृती ही मूळ यंत्राची केवळ लहान आवृत्ती नसते, कारण निसर्ग माणसाच्या प्रमाणपट्टीला जुमानत नाही. ब्रिटिश पद्धतीत ‘दीड इंची’ प्रमाण म्हणजे मूळच्या एका फुटाला प्रतिकृतीत दीड इंच, अर्थात एकास आठ. लांबी आठपट घटली की पृष्ठफळ ६४ पट घटते आणि घनफळ ५१२ पट. आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा उरतो, म्हणून छोटा बॉयलर उष्णता झपाट्याने गमावतो. बॉयलरमधल्या धुराच्या नळ्या प्रमाणात बारीक केल्या तर काजळीने बघता बघता तुंबतात. त्यामुळे त्या संख्येने कमी आणि व्यासाने मोठ्या ठेवतात. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी हुबेहूब लहान केली तर पृष्ठताणामुळे पाणी तिच्यात अडकून खोटी पातळी दाखवील, आणि बॉयलरच्या बाबतीत खोटी पातळी म्हणजे अपघाताला निमंत्रण. मूळचा बॉयलर लोखंड-पोलादाचा असतो, पण तसा पातळ पत्रा गंजून लवकर निकामी होईल; म्हणून छोट्या प्रतिकृतींत बहुधा तांबे वापरतात आणि सांधे चांदीमिश्रित धातूने जोडतात. नवा बॉयलर वाफेवर घेण्याआधी त्यात गार पाणी भरून, नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन पारखण्याची रीत आहे.

म्हणजे चालती प्रतिकृती घडवणारा पदोपदी निवड करत असतो : रूपाशी प्रामाणिक राहायचे की कार्याशी? आत पाहिले तर ती मूळ यंत्राहून वेगळी. बाहेरून पाहिली तर रिव्हेट न् रिव्हेट जागच्या जागी. ऐतिहासिक साधन म्हणून तिचा उपयोग करणाऱ्याने हा भेद विसरू नये.

मूळ इंजिनांनाही सुदैवाने वाली मिळाले. १९५० साली ॲपलफर्ड गावच्या आर्थर नॅपर या शेतकऱ्याने आपल्या इंजिनाची मित्राच्या इंजिनाशी शर्यत लावली. पैज होती बिअरच्या एका पिंपाची. नॅपर जिंकला, गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली आणि जुन्या इंजिनांच्या मेळाव्यांची प्रथा रुळली. १९५४ मध्ये नॅशनल ट्रॅक्शन इंजिन क्लब उभा राहिला. अशा मेळाव्यांत पूर्णाकृती इंजिनांशेजारी छोट्या इंजिनांचेही रिंगण असते. काही इंजिने निम्म्या आकाराची, माणूस ओढण्याइतकी दांडगी. काही जण तर इंजिनाबरोबर पाण्याची गाडी आणि नांगरणी-ताफ्याची ती लाकडी राहती खोलीही घडवतात, आतल्या फळीच्या बिछान्यांसह आणि चुलीसह. स्वयंपाक्या पोराची मजुरी किंवा त्याची झोप मात्र कोणत्याही प्रमाणात उतरवता येत नाही.

या छंदाचे आणखी एक टोक आहे. मूळ यंत्र शिल्लकच नसेल तर मोजायचे काय? चेरी हिल या इंग्लिश प्रतिकृतिकार बाईंनी हेच आव्हान पत्करले. १९व्या शतकातली विस्मृतीत गेलेली, चमत्कारिक बांधणीची इंजिने त्यांनी मुद्दाम निवडली आणि जुनी पेटंटे व अभियांत्रिकी नियतकालिकांतली चित्रे अभ्यासून ती एकास सोळा प्रमाणात घडवली. ब्लॅकबर्न यांचे १८५७चे शेती-इंजिन त्यांतलेच : त्याचा बॉयलर एका प्रचंड पोकळ ढोलाच्या आत बसवलेला होता आणि तो ढोल हेच त्याचे चाक. अशा यंत्राबद्दल पेटंटातल्या दोन-चार आकृत्या पुष्कळ काही सांगतात, पण सारे सांगत नाहीत. उरलेले सांधे प्रतिकृतिकाराला त्या काळच्या कारागिराच्या डोक्याने विचार करून भरावे लागतात, आणि तसे करताना आकृतीतल्या चुकाही उघड्या पडतात. एकेका इंजिनापायी त्यांची कित्येक वर्षे गेली. प्रतिकृतिकलेतला मानाचा ड्यूक ऑफ एडिंबरा चषक त्यांनी नऊ वेळा मिळवला, ब्रिटिश सरकारने त्यांना ‘एमबीई’ किताब दिला, आणि त्यांची इंजिने लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सकडे गेली.

फाउलर कारखान्याची कागदपत्रे आज रेडिंग विद्यापीठाच्या इंग्रजी ग्रामजीवन संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. जुन्या कारखान्यांचे असे आराखडे मागवणाऱ्यांत इतिहासाचे संशोधक असतात, पूर्णाकृती इंजिन दुरुस्त करणारे असतात, आणि रात्री जेवण आटोपल्यावर घरामागच्या खोलीत लेथ सुरू करणारेही असतात.