वाळूत बीळ करणारा पक्षी

नारळी पौर्णिमेला दर्या शांतवला आणि दसऱ्यानंतर वारा फिरला की कोकणातल्या बंदरांतून फतेमाऱ्या निघायच्या. जाताना मंगलोरी कौलं, येताना बसऱ्याचा खजूर, पावसाळ्याआधी घरी. पुढे इंजिनं आली नि शिडं उतरली. पण त्या फेऱ्या मारलेले एक तांडेल माझ्या लहानपणी आमच्या खाडीकाठी होते. आजोबांचे सोबती, म्हणून आम्ही त्यांना तांडेलआजोबा म्हणायचो.

त्यांची एक गोष्ट ओट्यावर कुणी खरी मानत नसे. परतीच्या वेळी, चैत्र-वैशाखात, आखातातल्या एका उजाड बेटावर ते उतरले होते. "पाय टाकावा तिथं वाळू ढासळायची. बिळात खांद्यापर्यंत हात घातला, तेव्हा कुठं अंडं लागलं. पांढरंफेक, आणि एकच! घुशीचं बीळ म्हणावं, तर बाहेर उभा पक्षी. काळी पाठ, उंच टांगा." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पाणपक्षी बिळात कशाला राहील?

पण तो राहतो. त्याचं नाव क्रॅब प्लोव्हर. आपल्या कुळातली ही एकच जात. आखात, ओमान, तांबडा समुद्र इथल्या वालुकामय बेटांवर तो थव्यानं दीड-दोन मीटर लांब बिळं खणतो आणि तळाशी एकच पांढरं अंडं घालतो. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांत बिळात घरटं करणारा हा एकटाच. वाळूची ऊब अंड्याला मिळते, त्यामुळे आईबापांना सारखं बसून राहावं लागत नाही. तांडेलआजोबांचं वर्णन मी पुस्तकाशेजारी ठेवून पडताळलं. महिना, रंग, अंड्यांची संख्या, सगळं जुळलं. ते अंड्यांसाठीच बिळांत हात घालत होते, म्हणून तपशील इतका पक्का. पोटाशी बांधलेली आठवण सहसा चुकत नाही. थवा किती मोठा होता, हे सांगताना मात्र ते दरवेळी वाढवायचे; तेवढं मी सोडून देतो.

हिवाळ्यात हे पक्षी पूर्व आफ्रिकेकडे आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे येतात. कच्छच्या आखातात ते दिसतात, महाराष्ट्रात क्वचित. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्टीवर मी एक जोडी पाहिली. जाड काळी चोच, निळसर करडे पाय. दोन पावलं पळून थबकायचं, मान पुढे काढून कुर्लीवर झडप घालायची. मागे करड्या पाठीचं पिल्लू, अंगानं आईएवढं, तरी तोंड वासून मागत होतं. आईनं कुर्लीचे आकडे झटकून काढले आणि मऊ भाग पिल्लाच्या चोचीत दिला. एवढा समुद्र ओलांडून आल्यावरही ही पिल्लं आईबापांकडून भरवून घेतात. ते पाहताना मला तांडेलआजोबा शेजारी हवे होते.

भरतीला अशा पट्ट्या बुडतात, आणि वरची कोरडी पुळण आता मोकळी राहत नाही. गाड्या थेट पुळणीवर येतात. पक्ष्यांना टेकायला जेवढी कोरडी जागा उरते, तिथंच माणसं उतरतात. निदान भरतीचे दोन-तीन तास ती जागा सोडली पाहिजे.

तांडेलआजोबांची दुसरी गोष्टही मी लिहून ठेवली आहे. कार्तिक-मार्गशीर्षात भर समुद्रात, किनारा कुठल्याच बाजूला दिसत नसताना, डोलकाठीवर लहानसे ससाणे दमून बसायचे आणि भोवती चतुरांचे थवे उडत असायचे. यालाही गाव हसलं. २०१३ मध्ये नागालँडात काही अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली, तेव्हा ते भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेत जाताना नकाशावर दिसले. चतुरही याच दिवसांत, त्याच वाऱ्यावर समुद्र पार करतात, आणि वाटेत हे ससाणे त्यांना खात असावेत असं अभ्यासक मानतात. तांडेलआजोबा तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या बरोबरीचे एक खलाशी पलीकडच्या वाडीत आहेत. या दिवाळीत वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.