काळ्या नळीतली काजळी

माळेगाव बुद्रुकच्या शिवारात पाण्याचा हिशेब नेहमी उशिरा झाला. 1876-77 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला, मागोमाग ऊस आला आणि पाटाच्या मोकाट पाण्यानं जमिनी चिबड होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत, म्हणजे जमिनीचे गट पाडून पाणी आणि पिकं वाटून देण्याची पद्धत, आणली. पुढे 1950 च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला. उसाची तहान आणखी वाढली.

मग आलं ठिबक. 2017 मध्ये राज्य सरकारनं उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला, पण त्याआधीच काळ्या नळ्या सरीसरीतून पसरल्या होत्या.

नळी काळीच का? पांढऱ्या पॉलिथिनला ऊन खातं. तडे जातात, मग चुरा होतो. म्हणून त्यात सुमारे अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात तेल अर्धवट जाळून केलेली काजळी, मिसळतात. तिचा मूळ कण काही डझन नॅनोमीटरचा, आणि 1 मिलिमीटरमध्ये नॅनोमीटर मावतात 10 लाख. हे कण सुटे राहत नाहीत, द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटतात. ‘नॅनो’ हा शब्द गावात युरियाच्या बाटलीवरून पोचला. वस्तू मात्र नळीतून केव्हाच आली होती.

16 मिलिमीटरची, मिलिमीटरभर जाडीची लॅटरल, म्हणजे सरीतून जाणारी नळी, दीड मीटर अंतरानं अंथरली तर एकराला सुमारे 2700 मीटर लागते. वजन भरतं शंभर किलोच्या वर आणि त्यात काजळी साधारण अडीच-तीन किलो. यातली बाहेर किती पडते, हा खरा प्रश्न. नळी धडधाकट आहे तोवर फारशी नाही. पण खोडवा मोडताना रोटाव्हेटरखाली तुकडा सापडतो, उंदीर-खारी कुरतडतात, कुठे पाचटाबरोबर नळीही पेटते. प्रयोगशाळांतल्या अभ्यासांत नॅनोकण बहुतेक वेळा सुटे नव्हे, तर प्लॅस्टिकच्या चुऱ्यातच रुतलेले आढळतात. म्हणजे धोका मोजायचा तर कणाचा की चुऱ्याचा, इथूनच वाद सुरू होतो.

अशा नॅनो पदार्थांच्या चाचण्या ठरवायला आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेनं (OECD) 2006 मध्ये कार्यगट नेमला. भारतात 2020 मध्ये शेतीतल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांचा रोख खतं-औषधांवर, म्हणजे मुद्दाम शेतात टाकायच्या वस्तूंवर. झिजत्या नळीचा विचार त्यात मागेच राहिला, आणि ही चूक मोठी वाटते. 2009 मध्ये शेजारच्या माळेगाव खुर्दला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आली. क्षार आणि दुष्काळ हे तिचे विषय. प्लॅस्टिकचा चुराही त्याच मातीत पडतो.

अडचण मोजण्याचीही आहे. बांधापलीकडे पाचट पेटलं की काजळी उडते आणि त्याच मातीवर बसते. तीही कार्बनची, तितकीच बारीक. काळ्या रानातला चमचाभर नमुना घेतला, तर त्यातला कोणता कण नळीचा आणि कोणता पाचटाचा, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही.