दुखणं नावाचा पहारेकरी

लहानपणी आमच्या गावच्या दर्ग्याच्या पायरीवर एक म्हातारे बाबा बसत. अम्मी त्यांच्यासाठी चहा पाठवायची. गरम चहानं भरलेला जर्मनचा पेला ते दोन्ही तळव्यांत सहज धरत. आम्हा पोरांना ती करामत वाटे. तो कुष्ठरोग होता, हे पुढं कळलं.

कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथं एक चेता कातडीच्या अगदी खालून जाते. मेंदू आणि मज्जारज्जू ही राजधानी मानली, तर मेंदूपासून निघणाऱ्या १२ आणि मज्जारज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या म्हणजे गावोगाव पोचलेल्या वाटा. हीच परिघीय चेतासंस्था. या वाटांवर वाहतूक दुहेरी असते. १८२२ मध्ये फ्रान्सच्या माजांदी यांनी दाखवून दिलं, की मज्जारज्जूच्या पाठीकडच्या मुळांतून संवेदना आत जाते आणि पुढच्या मुळांतून स्नायूंना हुकूम सुटतो.

नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून कोपराजवळची ती चेता त्याच्या तावडीत सापडते. मग चटका कळत नाही, बोटंही वाकडी होतात.

रोगानं बोटं झडतात, असाच समज होता. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांना मात्र एका रुग्णाच्या वाकड्या बोटांची पकड विलक्षण जोरदार लागली. म्हणजे हाताचे काही स्नायू शाबूत होते! त्यांनी धडधाकट स्नायूंचे कंडरे वळवून लुळ्या बोटांना कामाला लावलं. बोटं जातात कुठं, याचाही त्यांनी माग काढला. भाजणं, कापणं, चिघळणं. कुठं तर रात्री उंदीर कुरतडत आणि झोपलेल्याला पत्ता नसे. दुखणं हा पहारेकरीच उरला नव्हता.

१९८२ पासून बहुविध औषधोपचारानं हा रोग पुरता बरा होतो. पण मेलेली चेता सहसा परत येत नाही. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लाजू नका, लगेच दाखवा.

आम्ही बाबांच्या हातावर नाणं वरूनच टाकत असू. आज ते भेटले, तर शेजारी बसेन आणि चहा आधी निववून मगच पेला त्यांच्या हाती देईन.