टर्मिनल, कळफलक आणि सीमाभागातील ‘क’

चित्रे व बटणे यांच्याविना केवळ अक्षरांच्या ओळींवर चालणाऱ्या पटलास टर्मिनल म्हणतात. तेथील प्रोग्रामला कळफलक दिसत नाही. त्याच्या हाती एकामागून एक पडतात ते ० ते २५५ या मर्यादेतील अंक, म्हणजे बाइट. बेळगाव-निपाणी परिसरात एकाच यादीत मराठी आणि कन्नड नावे लिहावयाची असतील, तर हे बाइट चुकीचे वाचले गेल्यास बिघडते ते माणसाचे नाव.

लिनक्समध्ये टर्मिनल प्रारंभी ओळवार पद्धतीत असते. एंटर दाबेपर्यंत मजकूर प्रणालीच्याच ताब्यात राहतो, चूक खोडण्याचे कामही तीच करते. प्रत्येक कळ तत्क्षणी हवी असल्यास प्रोग्रामला ही पद्धत बंद करावी लागते आणि मग खोडण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

खरी कसोटी येथेच लागते. इनस्क्रिप्ट मांडणीत मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ एकाच कळीवर आहेत. ‘ळ’सुद्धा दोन्ही भाषांत एकाच ठिकाणी. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत मात्र मराठी ‘क’ २२४, १६४, १४९ असा येतो, तर कन्नड ‘क’ २२४, १७८, १४९ असा. फरक केवळ मधल्या बाइटचा. हा योगायोग नव्हे. युनिकोडने भारतीय लिप्यांचा अक्षरक्रम इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतला आहे. ‘बेळगाव’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, युनिकोडच्या लेखी ती सहा चिन्हे आणि प्रोग्रामच्या लेखी अठरा बाइट. बॅकस्पेस दाबल्यावर एकच बाइट पुसणारा प्रोग्राम ‘व’ मोडून ठेवतो. इंग्रजीवर तपासलेल्या प्रोग्राममध्ये हा दोष दिसतच नाही, कारण तेथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट!

बाणांच्या कळांची रीत निराळी. वरचा बाण सामान्यतः २७, ९१, ६५ असा येतो. ही परंपरा १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलपासून रूढ झाली. एकटी एस्केप कळही २७ च पाठवते. त्यामुळे पुढे काही येते का, हे पाहण्यासाठी प्रोग्रामला क्षणभर थांबावे लागते. एनकर्सेस या प्रचलित संचात ही वाट पाहण्याची मुदत मुळात एक सेकंद असते; आजच्या यंत्रांवर ती खटकते, कमी करणेच बरे.

माउसची वार्ता मागितल्याशिवाय मिळत नाही. प्रोग्रामने तशी सूचना पाठविल्यावरच टर्मिनल बटण, स्तंभ व ओळ कळविते. जुन्या पद्धतीत प्रत्येक अंकात ३२ मिळवून एकच बाइट पाठवीत. त्यामुळे २२३ स्तंभांपलीकडची जागा सांगता येत नसे आणि ९५ व्या स्तंभानंतर येणारे बाइट यूटीएफ-८ वाचनात घोटाळा करीत. १००६ क्रमांकाची नवी पद्धत हे अंक साध्या दशमान आकड्यांत पाठविते. मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रामने तीच वापरावी. बाहेर पडताना मात्र माउसची सूचना मागे घ्यावी व ओळवार पद्धत पूर्ववत करावी, अन्यथा पुढच्या प्रत्येक क्लिकसरशी पटलावर निरर्थक चिन्हे उमटतात.