अमरकंटकची गुलबकावली

अमरकंटकास जाऊन आलेला यात्रेकरू परत येताना दोन कुप्या बरोबर आणतो. एकीत नर्मदाजल असते, दुसरीत गुलबकावलीचा अर्क. पहिली देवघरात जाते. दुसरी आजीबाईंच्या उशाशी, कारण तो अर्क डोळ्यांच्या विकारांवर रामबाण आहे अशी ख्याती आहे. बदलीच्या निमित्ताने जबलपुरास येऊन राहिलेल्या आपणां मंडळींपैकी बहुतेकांच्या घरी अशी कुपी कधी ना कधी आलीच असेल. परंतु जिच्यापासून हा अर्क काढतात ती गुलबकावली म्हणजे आपला सोनटक्काच होय, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी येते. कोकणात आणि देशावर परसदारी पावसाळ्याअखेर फुलणारा, संध्याकाळी दरवळणारा आणि सुवासिनींच्या वेणीत शोभणारा तोच हा शुभ्र सोनटक्का. आले आणि हळद ही त्याची भावंडे.

आता या नावाची गंमत पाहावी. राजा मैकलने पण लावला की, जो गुलबकावलीची फुले आणील त्यालाच माझी कन्या नर्मदा देईन. शोणभद्राने ती आणली. पण विवाहापूर्वीच दासी जोहिला नर्मदेच्या वस्त्रालंकारांत त्याच्यापुढे गेली. आणि ते पाहून क्रुद्ध झालेली नर्मदा पाठ फिरवून पश्चिमेस चालती झाली, ती अखंड कुमारिकाच राहिली. ही कथा अमरकंटकला कोणीही सांगतो. तिच्यातला भूगोल अगदी चोख आहे. शोण गंगेस मिळतो, जोहिला शोणास मिळते, आणि नर्मदा एकटी उलट दिशेने जाते. परंतु ‘गुल’ हा शब्द फारसी आहे आणि बकावली ही एका परीकथेची नायिका. इज्जतुल्ला बंगाली याने ही कथा १७२२ मध्ये फारसीत लिहिली. फोर्ट विल्यम कॉलेजासाठी निहालचंद लाहोरी याने १८०३ च्या सुमारास ती उर्दूत उतरवली. पुढे दयाशंकर नसीम यांच्या मसनवीने ती घरोघर पोचली. त्या कथेत आंधळ्या झालेल्या बादशहाची दृष्टी बकावलीच्या बागेतील फुलाने परत येते. तेव्हा नर्मदेची रुसण्याची कथा कितीही जुनी असो, तिच्यातल्या फुलाचे नाव अलीकडचे आहे, असे आम्हांस वाटते. अर्काची नेत्रौषध म्हणून जी कीर्ती आहे तिलाही या परीकथेनेच पंख दिले असावेत. (डोळ्यांत काही घालण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, हे सांगणे नलगे.)

या भूमीचा इतिहास आपणांस अगदीच परका नाही. त्रिपुरीच्या, म्हणजे जबलपूरजवळच्या तेवरच्या, कलचुरींनी अकराव्या शतकात अमरकंटकावर मंदिरे उभारली. १७९८ मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सोहागपूर-अमरकंटकचा मुलूखही मराठ्यांनी घेतला. सत्तावन्ननंतर इंग्रजांनी तो रीवाच्या महाराजांस बक्षीस दिला. राज्ये अशी आली आणि गेली. फुलाचे दिवस फिरले ते त्यानंतर.

सोनटक्क्याला पाय ओले लागतात. झऱ्याकाठची दलदल, वरून सालवृक्षांची सावली, सुमारे १,०५० मीटर उंचीवरचा गारवा, हे सारे मैकलच्या माथ्यावर एकत्र लाभले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे बॉक्साइटच्या खाणी निघाल्या, वस्ती व आश्रम वाढले, झऱ्यांची जागा विहिरींनी व नळांनी घेतली. १९९६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत सालाला पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने या टापूतील असंख्य वृक्ष मारले व रोग पसरू नये म्हणून आणखी पुष्कळ तोडावे लागले. सावली गेली, ओल गेली. त्यात अर्काचा व्यापार. फुले खुडली की बी धरत नाही. आणि औषधासाठी कंद उपटला की रोपच जाते. मध्य भारतातील संकटग्रस्त औषधी वनस्पतींत गुलबकावलीची गणना होऊ लागली ती अशी.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की, सोनटक्का तर घरोघर आहे, मग तो दुर्मिळ कसा? प्रश्न रास्त आहे. १७८३ मध्ये लिनियसचा शिष्य क्योनिग याने त्याचे ‘हेडिकियम कोरोनेरियम’ असे नामकरण केले; पहिल्या शब्दात गोडवा आणि हिम आहे, दुसऱ्यात माळेचा संदर्भ. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण चीनपर्यंत त्याचे माहेर सांगतात. क्यूबाचे तर ते राष्ट्रीय पुष्प आहे. ब्राझील आणि हवाई येथे ते इतके माजले आहे की ओढ्यांकाठचे उपद्रवी तण म्हणून तेथील वनखाते त्यावर कोयता चालवते. म्हणजे जगाच्या एका कोपऱ्यात जे उपटून टाकायचे तेच दुसऱ्या कोपऱ्यात जपायचे! परंतु बागेतला सोनटक्का कंद तोडून तोडून वाढवलेला असतो. शंभर घरांतली शंभर रोपे पुष्कळदा एकाच रोपाची प्रतिकृती. डोंगरातली, बियांतून उगवलेली झाडे परस्परांहून भिन्न असतात, आणि पुढे एखादा रोग आला वा पाऊस बदलला तर त्यांतलीच काही तगतात. शिवाय ती आहेत तेथे झरा जिवंत आहे, एवढी साक्ष तरी ती देतातच.

२००५ मध्ये अचानकमार-अमरकंटक हे जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला. आपल्या जबलपुरातच १९६३ पासून राज्य वनसंशोधन संस्था आहे व १९८८ पासून उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्थाही आहे. रोपवाटिकेत कंद वाढवणे ही मोठी अवघड विद्या नव्हे. अवघड आहे ती पाणथळ जागा. नर्मदाकुंडापासून जवळच ‘माई की बगिया’त यात्रेकरूंना गुलबकावली दाखवतात, आणि भाविक ती हात जोडून पाहतात. श्रावण-भाद्रपदात पुढच्या खेपेस कोणी गेलेच तर बगियेत न थांबता कपिलधारेकडच्या ओहोळांच्या काठाने थोडे उतरून पाहावे. फुले दिसली तर खुडू नयेत. आणि अर्काची कुपी घेण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच विचारावे की, फुले लावलेल्या झाडांची आहेत की रानातली.