वलंदेजांच्या गावी एक शनिवार

इथे नेदरलँड्समध्ये ऑनसाईट येऊन पाच महिने झाले. पवनचक्क्या, ट्यूलिप, ॲमस्टरडॅमचे कालवे हे सगळं बघून झालं, आणि त्यावर इतक्या लोकांनी इतकं लिहिलंय की मी आणखी काय लिहिणार! पण गेल्या शनिवारी एडॅमला गेलो होतो, आणि त्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. जेमतेम सात हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. पण त्याचा एक धागा वेंगुर्ल्यापर्यंत जातो, आणि दुसरा चक्क आमच्या मराठवाड्यापर्यंत.

ॲमस्टरडॅम सेंट्रल स्टेशनच्या मागून बस मिळते. अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही एडॅममध्ये. गावाचं नावच सगळी गोष्ट सांगतं. 'ई' नावाचा एक ओढा, त्यावर लोकांनी घातलेला बांध, म्हणजे डॅम. झालं एडॅम. (ॲमस्टेल नदीवरचा बांध म्हणजे ॲमस्टरडॅम, रोटेवरचा म्हणजे रॉटरडॅम. हे लोक गावांना नावं देताना फार डोकं चालवत नाहीत.) विटांची बुटकी घरं, चिंचोळे कालवे, त्यावर उचलून घेता येणारे पांढरे लाकडी पूल. सप्टेंबर असल्यामुळे पर्यटकही फारसे नव्हते.

मी नवीन जालन्याचा. आमच्याकडे नवीन जालना आणि जुना जालना यांच्यामध्ये कुंडलिका नदी आहे, आणि वर्षातले बरेच महिने ती नदी आहे हे सांगावं लागतं. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या गल्लीत टँकर आला की लोक हातातलं काम टाकून पळायचे. अशा गावच्या माणसाला एडॅमच्या कालव्याकाठी उभं राहिल्यावर पहिला विचार काय येणार? 'इतकं पाणी!' पण इथला इतिहास वाचायला घेतला आणि कळलं, या लोकांनी आठशे वर्षं पाण्यापायी जितकं डोकं धरलं असेल तितकं आपणही धरलेलं नाही. फक्त उलट बाजूने.

हा सगळा मुलूख मुळात दलदलीचा. पीट म्हणजे कुजलेल्या गवताझाडांची काळी, स्पंजासारखी माती. चर खणून त्यातलं पाणी काढलं की पहिली काही वर्षं पीक उत्तम येतं. पण पाणी निघालं की स्पंज दबतो, जमीन खाली बसते, आणि पाणी परत वर येतं. मग अजून खोल चर, जमीन अजून खाली. या दुष्टचक्रात पंधराव्या शतकापर्यंत इथली शेतं इतकी ओली झाली की धान्य पिकवणं परवडेना. धान्य बाल्टिक समुद्राकडून जहाजांनी आणायचं आणि आपल्या ओल्या रानात जे आपोआप उगवतं ते, म्हणजे गवत, गायींना घालायचं असं ठरलं. म्हणजे बैठक घेऊन कुणी ठरवलं नाही, पण तसं होत गेलं. गवत झालं म्हणून दूध झालं. दूध टिकत नाही म्हणून चीज झालं. चीज हे उत्तर आहे. प्रश्न पाण्याचा होता.

आपल्याकडे मोट विहिरीतलं पाणी वर काढून शेतात सोडायची. इथली पवनचक्की शेतातलं पाणी उपसून वरच्या कालव्यात फेकते. उलटी मोट!

गावात एक छोटं म्युझियम आहे, १५३० च्या सुमाराचं एक घर. त्याचं तळघर तरंगतं. हो, तरंगतं. विटांची एक मोठी पेटी जमिनीखालच्या पाण्यावर सोडलेली आहे, त्यात उतरलं की पायाखाली किंचित हलतं. एका म्हाताऱ्या कप्तानाला जहाजाची सवय सुटेना म्हणून त्याने हे करून घेतलं अशी दंतकथा सांगतात. मला विचाराल तर त्यात कप्तान वगैरे काही नाही, शुद्ध इंजिनिअरिंग आहे. जमिनीखालचं पाणी वर आलं की घट्ट बसवलेली फरशी फुटते. तरंगणारी पेटी निमूट वर येते. पाणी उतरलं की खाली. सर्व्हरवरचा लोड वाढला-कमी झाला तर काय करायचं यावर आम्ही महिनाभर मीटिंगा करतो. असो.

१३५७ मध्ये एडॅमला शहराचा दर्जा मिळाला आणि समुद्रापर्यंत रुंद कालवा काढून बंदर करायची परवानगीही. मग इथे जहाजं बांधायचा धंदा फोफावला. पण भरतीचं पाणी त्याच कालव्यातून आत घुसायचं आणि मागच्या शेतकऱ्यांची रानं बुडायची. भांडण सरळ होतं: जहाजवाल्यांना कालवा उघडा हवा, शेतकऱ्यांना बंद. १५४४ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने कालव्याला झडपा बसवायचा हुकूम काढला. शेतं वाचली, पण वाहतं पाणी थांबल्यावर बंदरात गाळ साचत गेला आणि शंभर-दीडशे वर्षांत जहाजांचा धंदा बसला. आता जिथे जहाजं होती तिथे लोक कॉफी पीत बसतात.

मग गाव तगलं कशावर? एका तराजूवर.

१५२६ मध्ये याच चार्ल्सने एडॅमला वजनाचा हक्क दिला होता. पुढे तो कायमचा झाला. ज्या गावात सरकारमान्य तराजू, त्या गावात बाजार, आणि वजनावरची पट्टी गावाच्या तिजोरीत. सध्याची तराजूची इमारत १७७८ ची आहे, दर्शनी भागावर रंगीत चित्रं, आत लाकडी तराजू. ही इमारत बघताना मला कुठल्या म्युझियमपेक्षा जास्त वेळ लागला, कारण माझे काका जालन्याच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होते आणि माझ्या लहानपणीच्या सुट्ट्या पोत्यांवर गेल्यात. मोंढ्यात माल कुणाचा आणि भाव काय यापेक्षाही काटा कुणाच्या हातात, हा प्रश्न मोठा. शेतकरी बैलगाडीतून उतरला की त्याची नजर आधी मापाड्याकडे जायची. आणि आपल्याकडे 'हत्ता' होता ना, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची पद्धत? इथे चीजच्या बाजारात दोघं एकमेकांच्या तळहातावर टाळ्या मारत भाव बोलायचे, शेवटची टाळी बसली की सौदा पक्का. आपला भाव झाकलेला, यांचा सगळ्यांसमोर. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर मला यांचीच पद्धत बरी वाटते. आमच्या काकांना हे पटणार नाही.

बाजार १९२२ मध्ये बंद पडला, चीज कारखान्यात व्हायला लागल्यावर. १९८९ पासून पर्यटकांसाठी जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी त्याचं नाटक करतात, पांढरे कपडे, टोप्या, होड्या सगळं. मी गेलो तेव्हा चौक रिकामा होता, आणि मला तो रिकामाच आवडला.

आता प्रत्यक्ष चीजबद्दल. दुधावरची थोडी साय काढून घेतात, बाकीचं दूध फाडून त्याचा गोळा गोल साच्यात दाबतात, मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि मग पिकायला फळीवर. साधारण पावणेदोन किलोचा चेंडू. साय कमी म्हणून लवकर खराब होत नाही, मीठ मुरलेलं, बाहेरची साल कडक. परदेशी जाणाऱ्यांवर लाल आवरण. इथले लोक स्वतः पिवळंच खातात. (शाकाहारी मंडळींसाठी: पारंपरिक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. तसं नसलेलंही मिळतं, दुकानात विचारून घ्यायचं. हे मी आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "तू खाल्लंस का ते आधी सांग.") 'एडॅम हॉलंड' या नावाला २०१० पासून युरोपात भौगोलिक संरक्षण आहे, नुसतं 'एडॅम' मात्र जगात कुणीही बनवू शकतो. आमच्या जालन्याच्या मोसंबीला जीआय मिळाला २०१६ मध्ये, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जवळची.

टिकणारं चीज म्हणजे जहाजावरचा उत्तम शिधा. आणि इथून गोष्ट गोड राहत नाही.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिच्या शेअर्सची नोंदणी ॲमस्टरडॅममध्ये डर्क फान ओस नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाली. चौसष्ट लाख गिल्डर जमले, नुसत्या मोठ्या शेठजींचे नाहीत, कारागिरांचे आणि मोलकरणींचेसुद्धा. हाच फान ओस पुढे १६०७ मध्ये एका दुसऱ्या प्रकल्पात पुढे होता: एडॅमच्या पश्चिमेचं बेम्स्टर नावाचं अवाढव्य तळं उपसून कोरडं करायचं. १६१० मध्ये काम संपत आलं असताना वादळात बांध फुटला आणि तळं पुन्हा भरलं. यांनी बांध उंच केला, पवनचक्क्या वाढवल्या आणि १६१२ मध्ये सुमारे सात हजार हेक्टर जमीन वर आली. 'वर' म्हणजे समुद्रसपाटीच्या साडेतीन मीटर खाली! आता तिथे आखीव चौकोनी रानं आहेत, गायी चरतायत, आणि युनेस्कोने १९९९ मध्ये त्याला जागतिक वारसा केलंय. म्हणजे मिरी-मसाल्याचा पैसा तळ्यात गेला, तळ्याचं गवत झालं, गवताचं चीज झालं आणि चीज परत मसाल्याच्या जहाजावर चढलं. सिस्टीम म्हणून याला तोड नाही.

पण या सिस्टीमचं दुसरं टोक बांदा बेटांवर होतं. एडॅमहून बसने थोडं उत्तरेला हॉर्न नावाचं गाव आहे, तिथला यान पीटरझून कून कंपनीचा गव्हर्नर जनरल होता. जायफळाची मक्तेदारी हवी म्हणून त्याने १६२१ मध्ये बांदा बेटं जिंकली. तिथले जवळजवळ पंधरा हजार लोक होते, मारून, उपाशी ठेवून, गुलाम म्हणून नेऊन हजारभर उरले. हॉर्नच्या चौकात त्याचा पुतळा आहे आणि त्यावरून इथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. कालव्याकाठची ही शांत घरं बघताना हे डोक्यातून जात नाही, आणि जाऊ नये असं माझं मत.

आता मराठवाडा. १६१७ मध्ये पीटर फान डेन ब्रूके हा कंपनीचा माणूस गुजरातच्या किनाऱ्यावर जहाजं फुटून अडकला. समुद्राचा रस्ता संपला म्हणून तो आपली माणसं घेऊन पायी मच्छलीपट्टणला निघाला, आणि वाटेत दख्खनमध्ये मलिक अंबरला भेटला. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाही चालवणारा मलिक अंबर! त्याचा कठोर, रोमन वाटावा असा चेहरा या डच माणसाने लिहून ठेवलाय. अंबरचं प्रत्यक्ष बघून केलेलं असं वर्णन दुर्मीळच. पुढे फान डेन ब्रूकेचं चित्र फ्रान्स हाल्सने काढलं, ते लंडनला आहे. मला गंमत वाटते ती वेळेची. बेम्स्टर कोरडं होऊन पाच वर्षं झालेली, आणि त्याच काळात अंबर खडकीला (पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर) जमिनीखालून नहर काढून पाणी आणत होता. जालन्यातही जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी खेळवलं होतं. एकाची अक्कल पाणी घालवण्यात, दुसऱ्याची आणण्यात. आमच्याकडचे नळ नंतर कुणी सांभाळले नाहीत. यांच्याकडे पाणी सांभाळणारी मंडळं मध्ययुगापासून आजतागायत चालू आहेत, त्यांच्या निवडणुका होतात. फरक अकलेत नव्हता.

१६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. जागा मुद्दाम निवडलेली, गोव्याच्या अगदी उशाशी. दर हंगामात डच जहाजं गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसायची आणि त्यांना धान्य, पाणी, ताजा माल वेंगुर्ल्याहून जायचा. युरोपातून निघालेला चीज-बिस्किटांचा शिधा इथवर यायला आठ-नऊ महिने. पुढचं पोट कोकणाने भरायचं. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत आणि १६७५ मध्ये मोगलांच्या, असं दोनदा वेंगुर्लं जळलं. याच वखारीतून बाटाव्हियाला (आताचं जाकार्ता) जाणाऱ्या पत्रांत महाराजांच्या हालचालींच्या बातम्या असायच्या. म्हणजे मसाल्याचा हिशोब ठेवणारे कारकून नकळत आपला इतिहास लिहीत होते.

आपले लोक त्यांना वलंदेज म्हणायचे, पोर्तुगीजांकडून उचललेला शब्द. आणि या वलंदेजांसकट सगळ्या टोपीकरांना नीट ओळखणारा माणूस म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. १७१५-१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात ते सांगतात की हे बाकीच्या सावकारांसारखे नाहीत, यांच्या प्रत्येकाच्या मागे एक राजा आहे; यांना खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याजवळ जागा देऊ नये, द्यायचीच तर आत, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. हे मी पूर्वीही वाचलं होतं, पण तेव्हा तो एक सावध सल्ला वाटला होता. फान ओसच्या घरी पैसे भरणाऱ्या मोलकरणी, बेम्स्टरचा बांध, एडॅमचा तराजू हे सगळं बघितल्यावर कळतं की पंतांना समोर उभ्या व्यापाऱ्याच्या मागचं काय दिसत होतं. तरी एक गोष्ट त्यांना दिसणं शक्य नव्हतं: वलंदेजांच्या मागे राजा नव्हताच, भागधारक होते.

वेंगुर्ल्याची ती वखार आज पडक्या अवस्थेत आहे, भिंतींवर झाडं वाढलीत. डिसेंबरमध्ये सुट्टीवर येतोय, तेव्हा जालन्याहून गाडी काढून जायचा विचार आहे. काका यायला तयार आहेत. त्यांना वखारीत काटा कुठे ठेवत असतील ते बघायचंय.