कोना पोऱ्या शे रे तू?

शिंदखेड्याच्या एस.टी. स्टँडवर तुम्ही उतरलात आणि कुणा म्हाताऱ्या बाबांना तुमचा चेहरा ओळखू आला नाही, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोना पोऱ्या शे रे तू?" अहिराणी न येणाऱ्यांसाठी, म्हणजे तू कोणाचा मुलगा? नाव नंतर. आधी बाप, मग आडनाव, मग गल्ली, मग मामाचं गाव. दोन मिनिटांत तुमचं अख्खं प्रोफाइल तयार, तेही पासवर्डशिवाय.

मी याच तालुक्यातला असल्यामुळे असेल, पण ऑफिसातल्या कँटीनमध्ये 'प्रायव्हसी' हा विषय निघाला की माझी जरा पंचाईत होते. "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" असं कुणीतरी म्हणतंच. दुसरा म्हणतो, "प्रायव्हसी ही आपल्याकडची गोष्टच नाही रे, हे सगळं तिकडून आलेलं." दुसऱ्याचं म्हणणं मला पूर्वी पटायचंही, कारण वरचा प्रश्न ऐकतच लहानाचा मोठा झालो. पण आमच्याच तालुक्यात 80 वर्षांपूर्वी घडलेली एक गोष्ट नीट वाचली, तर दोन्ही वाक्यं टिकत नाहीत. या वीकएंडला तीच सांगतो.

तारीख 14 एप्रिल 1944. (याच दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. सरकारने ती बातमी सुरुवातीला दाबली होती. माहिती कुणाच्या हातात असावी, यावरची मारामारी तेव्हाही चालूच होती म्हणायची.) त्या दिवशी धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना मोटारीने निघाला होता, सोबत बंदूकधारी पोलीस. शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाणे गावाजवळ तो लुटला गेला. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये, 1944 चे. लुटणारे होते साताऱ्याच्या प्रतिसरकारचे लोक : जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे सहकारी. खानदेशातली बाजू सांभाळली ती अमळनेर भागातले डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी. क्रांतिसिंह नाना पाटलांचं हे प्रतिसरकार, म्हणजे लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार', 1943 ते 1946 चाललं. त्याला पैसा लागत होता, आणि तो इंग्रजांच्याच तिजोरीतून घ्यायचा, असा साधा हिशोब.

आमच्याकडे ही गोष्ट सांगतात ती अशी, की हे सगळे लग्नाचे वऱ्हाडी बनून आले होते. एप्रिल म्हणजे आमच्याकडे लग्नसराई. रस्त्याच्या कडेला फेटे बांधलेली दहा-पंधरा माणसं उभी दिसली, तर कोण संशय घेणार? सिक्युरिटीवाले ज्याला गर्दीत मिसळणं म्हणतात, ते हेच. एकट्याने तोंड लपवून उभं राहिलं की उलट लक्ष जातं. सगळे जसे दिसतात तसंच दिसलं की कुणी बघत नाही.

आता मला यातला सगळ्यात रंजक वाटणारा भाग. कुंडल-वाळव्याकडचा माणूस खानदेशात तोंड उघडताच पकडला जायला हवा. त्याची मराठी साताऱ्याची आणि इथे घराघरात अहिराणी. कुठल्याही गावात पहिला प्रश्न तोच, कोना पोऱ्या शे? आणि त्याला द्यायला यांच्याकडे उत्तर नाही. म्हणजे फेटा कितीही झकास बांधला, तरी एका वाक्यात पितळ उघडं! इथे स्थानिक माणसांशिवाय काही होणंच शक्य नव्हतं. कुणीतरी त्यांना घरात ठेवलं, भाकरी दिली, वाटा दाखवल्या आणि "हे कोण?" या प्रश्नाला त्यांच्या वतीने उत्तर दिलं. त्यांचं अनामिक असणं हे त्यांच्या वेषात थोडं आणि गावकऱ्यांच्या तोंड बंद ठेवण्यात जास्त होतं. ज्या गावाला सगळ्यांची सगळी माहिती असते, तेच गाव ठरवलं तर ती माहिती सरकारला देत नाही. आपल्याकडे प्रायव्हसी नव्हती असं म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे.

'लपवण्यासारखं काही नसेल तर' याचंही उत्तर यातच आहे. काय लपवण्यासारखं आहे ते आपण ठरवत नाही, समोरची सत्ता ठरवते. 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण टाकणं सक्तीचं होतं. ऐकायला किती साधं! पण त्यामुळे 1942 मध्ये निनावी बुलेटिन काढणं हाच गुन्हा झाला, आत मजकूर काहीही असो. (तो कायदा जाऊन नवा लागू झाला तो 2024 च्या मार्चमध्ये, म्हणजे अगदी काल-परवा.) टपाल उघडण्याचा अधिकार 1898 च्या पोस्ट कायद्यात होता, तारा अडवण्याचा 1885 च्या टेलिग्राफ कायद्यात. हे दोन्ही कायदे आता बदललेत. पण नव्या 2023 च्या कायद्यांतही तो अधिकार सरकारकडे आहेच. राज्य बदललं, चावी त्याच खुंटीला.

भूमिगत लोकांची दुसरी गोष्ट मुंबईतली. 1942 च्या ऑगस्टअखेर उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला, 42.34 मीटरवर. पोलीस लहरींचा माग काढत, म्हणून ट्रान्समीटर एका जागी ठेवायचा नाही, सारखी घरं बदलायची. आपण मंडळी याला 'आयपी बदलणं' म्हटलं असतं. जवळपास तीन महिने हे चाललं. 12 नोव्हेंबर 1942 ला छापा पडला, तो त्यांच्यातल्याच एका तंत्रज्ञाने माहिती दिली म्हणून. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. आमच्या धंद्यात एक वाक्य फार घासून गुळगुळीत झालंय, की सिस्टिममधला सगळ्यात कच्चा दुवा माणूस असतो. त्याची किंमत त्यांनी तुरुंगात मोजली.

म्हणूनच भूमिगत कामाचा नियम असा, की ज्याला जेवढं लागतं तेवढंच ठाऊक असावं. पकडला गेला तरी तेवढंच सांगू शकेल. आज आपण ॲपला कॉन्टॅक्ट, फोटो, लोकेशन सगळ्याची परवानगी एका टिचकीत देतो. विजेरीच्या ॲपला तुमची फोनबुक कशाला हवी, हा प्रश्न चिमठाण्याच्या वऱ्हाड्यांनी नक्की विचारला असता.

इथवर वाचून वाटेल, की अनामिक राहणं म्हणजे नुसतं पुण्याचं काम. तसं नाही, आणि त्याचा पुरावाही आमच्याच धुळे जिल्ह्यात आहे.

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा आधीपासून व्हॉट्सॲपवर घुमत होत्या. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं. परमुलखातून आलेली, वेगळं बोलणारी माणसं. 1944 ला अशाच अनोळखी माणसांच्या वतीने कुणीतरी उत्तर दिलं होतं. इथे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. आणि ज्याने कुणी तो पहिला मेसेज टाइप केला, तो मात्र पूर्ण अनामिक राहिला.

हे आठवलं की मला प्रायव्हसीवर छाती ठोकून बोलवत नाही.

त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली, 'फॉरवर्डेड' अशी पाटी लावली. आणि 2021 च्या आयटी नियमांत सरकारने मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना सांगितलं, की कोर्टाने किंवा अधिकृत यंत्रणेने मागितल्यास मेसेजचा पहिला पाठवणारा शोधून द्या. व्हॉट्सॲप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. राईनपाड्याच्या माणसाला ही मागणी चूक कशी वाटेल? मलाही एकदम वाटत नाही.

पण इंजिनियर म्हणून बघितलं की गाडी अडते. त्या काळात फिरलेला अपहरणाचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेच्या जनजागृतीच्या फिल्मचा कापलेला तुकडा होता. आता 'पहिला पाठवणारा' कोण? फिल्म बनवणारा? कापणारा? नियम म्हणतो, मूळ बाहेरच्या देशात असेल तर भारतातला पहिला. पण एकाने व्हिडिओ उतरवून घेऊन पुन्हा नव्याने चढवला की साखळी तिथेच तुटली. म्हणजे हुशार माणूस सुटणार, आणि सापडणार तो घाबरून पुढे ढकलणारा काका. शिवाय हे करायचं तर सगळ्यांच्याच, कुणावरही संशय नसलेल्यांच्याही प्रत्येक मेसेजची खूण जपून ठेवावी लागेल. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने ते लाइक केलं होतं. ज्या कलमाचं नाव त्या प्रकरणात गाजलं, ते 66अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं. मुलींची रात्र परत आली नाही. खुणा जपून ठेवल्या, की त्या राईनपाड्यासाठी वापरायच्या की पालघरसाठी, हे मशीन ठरवत नाही.

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2023 मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा आला, त्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवलेली आहे. तेव्हा निम्मं काम अजूनही आपल्याच अंगावर. मी स्वतः पाळतो त्या गोष्टी सांगतो, साध्या आहेत. आधी ठरवा कुणापासून लपायचंय : बॉस, शेजारी, जाहिरातवाले की सरकार? प्रत्येकाचं कुलूप वेगळं. टोपणनावाने लिहायचं असेल तर त्याला वेगळा ईमेल, नेहमीचा फोन नंबर नाही, आणि खऱ्या खात्याशी एकही सामायिक मित्र नाही. फोटोत लोकेशन जातंय का ते बघा. आणि मेसेज वाचता येत नसला, तरी तुम्ही कुणाशी, किती वाजता, किती वेळा बोललात हे कंपनीला कळू शकतं, हे विसरू नका. चिमठाण्याचा कट ओळखायला पत्रातला मजकूर वाचायची गरज नव्हती. अमळनेरचा डॉक्टर कुंडलच्या माणसांना का भेटतोय, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं.

आणि एक नियम उलट बाजूचा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अनोळखी माणसाबद्दल आलेला मेसेज पुढे ढकलायचा नाही, तो सख्ख्या काकांनी पाठवलेला असला तरी. आपल्या गावात, आपल्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये "हा कोण?" असा प्रश्न कुणाबद्दलही निघतो. सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीवाला पोरगा, कामावर आलेली नवी बाई, चौकात बसलेला बहुरूपी. फोटो काढून ग्रुपवर टाकायला तीन सेकंद लागतात. तो फोटो टाकायचा नाही, खाली उतरून विचारायचं. सावकाश, माणसासारखं.

चिमठाण्याला त्या लुटीचं स्मारक आहे. धुळ्याहून दोंडाईच्याला जाताना वाटेतच लागतं. कधी गेलात तर पाच मिनिटं थांबा. ज्यांनी त्या रात्री दार उघडलं आणि पुढे कुणाला काही सांगितलं नाही, अशा कित्येकांची नावं तिथे असणार नाहीत. असो. पुढच्या वीकएंडला भेटू.